आईचा गुडघा, कनेटिकटचा चाकवत आणि लाइमची टेस्ट

जुळेसोलापूरकर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मंडळी, जरा पाल्हाळ लागेल, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आई ६३ वर्षांची. धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी मे ते ऑगस्ट अमेरिकेत, कनेटिकटला होती. परत आली ती ठणठणीत. दसऱ्याच्या सुमाराला उजवा गुडघा सुजला. सुजला म्हणजे वाटी उपडी घातल्यासारखा. नवल म्हणजे सूज एवढी, पण दुखणं त्यामानानं कमीच. जिना उतरते, मांडी मात्र घालता येत नाही. आठ-दहा दिवसांत सूज ओसरली, आम्ही म्हटलं गेलं एकदाचं, तर ऐन फराळाच्या गडबडीत पुन्हा हजर.

आतापर्यंत एक्स-रे झाला (वयाप्रमाणे झीज), युरिक ॲसिड बरोबर, चिकुनगुन्या निगेटिव्ह, सीआरपी (अंगातला दाह दाखवणारी टेस्ट) थोडा वाढलेला, आरए फॅक्टर (संधिवातासाठी बघतात तो) किंचित पॉझिटिव्ह. एका डॉक्टरांनी झीज म्हणून गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी संधिवात धरलाय आणि सोमवारी गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं म्हणतात.

काल आमचे जावई फोनवर म्हणाले, "दादा, लाइमची टेस्ट केली का?" लाइम म्हटल्यावर मला लिंबू सरबतापलीकडे काही सुचेना. नेटवर बघितलं तर डोकंच गरगरलं. एलायझा, वेस्टर्न ब्लॉट, पीसीआर, लघवीतली टेस्ट, कुठलीशी सीडी-५७. त्यात एका लॅबचा पोरगा साडेनऊ हजारांचं 'टिक पॅनेल' घ्या म्हणून मागे लागलाय. घरी येऊन रक्त नेतो म्हणे.

सोलापुरात कुणी ही टेस्ट केलीय का? यातली नेमकी कुठली करायची?

शेंगाचटणी | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मला लाइमचं काही कळत नाही. पण सूज कशाची हे कळल्याशिवाय गुडघ्यात स्टिरॉइड घेऊ नका की ओ. आमच्या सासऱ्यांच्या गुडघ्याला 'वात' म्हणत होते, निघाला टीबी.

न्यूजर्सीकर (मूळचा बाळीवेशीतला) | १० नोव्हेंबर, पहाटे ४:१२

कनेटिकट म्हटल्यावर झोप उडाली. अहो, लाइम हा गोचीड चावून होणारा आजार, आणि लाइम हे त्याच राज्यातल्या एका गावाचं नाव आहे. १९७५ च्या आसपास तिथं आणि शेजारच्या गावांत लहान मुलांचे गुडघे सुजायला लागले. डॉक्टर मुलांचा संधिवात म्हणून सोडून देत होते. पॉली मरे नावाच्या एका आईनं कुणाला कधी काय झालं याच्या नोंदी ठेवल्या आणि पाठपुरावा सोडला नाही, तेव्हा येल विद्यापीठाचे ॲलन स्टीर तपासाला आले. जंतू तर पुढे १९८२ मध्ये विली बर्गडॉर्फर यांच्यामुळे कळला. म्हणून त्याचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी. म्हणजे या आजाराची ओळखच मुळी न दुखणाऱ्या सुजलेल्या गुडघ्यातून पटली.

दोन गोष्टी आईंना विचारा. गवतात-झाडीत जाणं व्हायचं का? आणि अंगावर कुठं लाल चट्टा उठला होता का? 'गोचीड चावली का' असं विचारू नका, नाही म्हणतील. इथं मे ते जुलैमध्ये चावते ती पिल्लू-गोचीड असते, खसखशीच्या दाण्याएवढी. ती दिसत नाही आणि चावलेलं कळतही नाही.

जुळेसोलापूरकर | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

न्यूजर्सीकर, तुमच्या पाया पडलो असतो.

आईला विचारलं. म्हणाली, "गवतात? अरे रोजच की." बहिणीच्या घरामागं झाडी आहे. झाडीच्या कडेला हिला चाकवत सापडला! आपला रानातला चाकवत, तिथं फुकट उगवतो आणि कुणी खात नाही, याचंच हिला मोठं दुःख. बाळाची मालिश झाली की रोज सकाळी अनवाणी, दवात, ओटीत चाकवत खुडत फिरायची. बाळंतिणीला ताकातली भाजी.

चट्ट्याचं विचारलं तर आधी "छे" म्हणाली. मग बायकोला आठवलं. जूनमध्ये आईनं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, "गजकर्ण झालंय, कुठलं मलम लावू?" शोधून काढला. १४ जूनचा फोटो, उजव्या गुडघ्याच्या मागं, लवणीत. शेजारी मापाला बांगडी धरलीय आणि डाग बांगडीच्या बाहेर जातोय. खाली काकूचा निरोप, "पित्त असेल, आमसुलाचं पाणी लाव." चार दिवसांनी आईचा दुसरा निरोप, "अजून पसरलाय, पण खाजत नाही." मग बारसं आलं आणि तो विषय तिथंच बुडाला. तिकडे डॉक्टरकडे का नेलं नाही म्हणून बहिणीला विचारलं, तर आईनंच नको म्हटलं होतं. पाहुणीच्या डागासाठी डॉलर कशाला घालायचे.

लॅबवाली | १० नोव्हेंबर, रात्री १०:१५

मी सूक्ष्मजीवशास्त्रात आहे, सोलापुरातच. हा फोटो छापून फाइलला लावा. तुमच्याकडच्या सगळ्या रिपोर्टांपेक्षा तो मोलाचा आहे.

गजकर्णाची कड उंच असते, खवले धरते आणि खाज झोपू देत नाही. लाइमचा चट्टा बहुधा सपाट, गुळगुळीत, फारसा न खाजणारा आणि दिवसागणिक पसरणारा. पाच सेंटिमीटरच्या वर गेला की संशय बळावतो. नेमबाजीच्या फळीसारखी वर्तुळं प्रत्येक चट्ट्यात दिसतातच असं नाही, पुष्कळदा नुसताच लाल डाग असतो. आणि जूनमध्ये तिथल्या डॉक्टरांनी तो पाहिला असता तर टेस्ट न करताच औषध दिलं असतं. तेव्हा टेस्ट केली असती तरी निगेटिव्ह येण्याचीच शक्यता जास्त होती, कारण अँटिबॉडी (जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, टेस्ट त्याच शोधते) तयार व्हायला काही आठवडे जातात.

आता मात्र चट्टा येऊन पाच महिने होत आलेत, म्हणून टेस्टचं गणित उलटं होतं. खरंच लाइमचा गुडघा असेल तर आयजीजी (उशिरा येऊन टिकणारी अँटिबॉडी) एव्हाना जोरदार पॉझिटिव्ह असणार. आयजीजी निगेटिव्ह आली तर लाइम विसरा आणि दुसरं कारण शोधा. इतकं स्पष्ट उत्तर लाइमच्या टेस्ट फार कमी वेळा देतात, तुमचं नशीब.

क्रम असा. आधी एलायझा. ती पॉझिटिव्ह किंवा काठावर आली तरच त्याच रक्तावर वेस्टर्न ब्लॉट. एलायझा निगेटिव्ह आली तर ब्लॉटवर पैसे घालायचे नाहीत. ब्लॉटमध्ये पट्ट्या मोजतात. अमेरिकी निकषात आयजीजीच्या १० पैकी निदान ५ पट्ट्या उमटायला हव्यात. आयजीएमच्या (सुरुवातीला येणारी अँटिबॉडी) ३ पैकी २ पुरतात, पण आयजीएम फक्त पहिल्या महिन्याभरात धरायची. तुमच्या बाबतीत आयजीएमकडे बघूच नका, विशेषतः आरए फॅक्टर पॉझिटिव्ह असताना. तो आयजीएमला हमखास फसवतो. २०१९ पासून अमेरिकेत ब्लॉटच्या जागी दुसरी वेगळी एलायझा लावायलाही मान्यता आहे. आपल्याकडे मिळेल ते घ्या, फक्त दोन पायऱ्या हव्यात.

लघवीतली टेस्ट, सीडी-५७, जिवंत रक्त सूक्ष्मदर्शकाखाली दाखवणं, यांतलं काही करू नका. रक्ताचा पीसीआरही (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) नको, जंतू रक्तात सापडतच नाही म्हटलं तरी चालेल. गुडघ्यातल्या पाण्याचा पीसीआर मात्र कामाचा आहे.

आणि त्या पोराला विचारा, कीट कोणत्या कंपनीचं? त्यात अमेरिकेतली बर्गडॉर्फेरी जात आहे की नुसत्या युरोपातल्या अफझेली-गारिनी? आकडा आणि त्याची मर्यादा रिपोर्टात छापता की नुसतं 'पॉझिटिव्ह'? ब्लॉटवर कोणत्या पट्ट्या उमटल्या ते लिहून देता का? उत्तर देता आलं नाही तर चहा पाजून वाटेला लावा.

रातपाळी | ११ नोव्हेंबर, पहाटे २:५०

फिजिशियन आहे. लॅबवाली ताईंचं सगळं मान्य, एक भर घालतो. रक्ताआधी गुडघ्यातलं पाणी काढायला सांगा. सुईनं काढतात, दहा मिनिटांचं काम. पेशी किती, स्फटिक आहेत का, साधं कल्चर, टीबीचं सीबीनॅट. आपल्या देशात महिना-दीड महिना सुजलेल्या एकाच गुडघ्यात टीबी पाहिल्याशिवाय पुढं जायचं नसतं. शेंगाचटणी बरोबर बोलले. पीसीआरसाठी त्यातलंच थोडं बाजूला ठेवायला सांगा, दुसऱ्यांदा सुई नको. स्टिरॉइड तूर्त नाही. लाइम असेल तर अँटिबायोटिकच्या आधी ते दिलं की दुखणं लांबतं.

आणि डॉक्टरांकडे जाताना "नेटवर वाचलं" असं सुरू करू नका. फोटो समोर ठेवा आणि एकच वाक्य बोला, "मे ते ऑगस्ट कनेटिकटला होती, जूनमध्ये हा चट्टा होता." दोष त्यांचा नाही. सोलापुरात बसून पेशंटला 'उन्हाळ्यात कुठं होता' असं कोण विचारतं?

ज्वारीवाला_मंगळवेढा | ११ नोव्हेंबर, दुपारी १:२०

धागा वाचून लिहावंसं वाटलं. मला दोन वर्षं अंग दुखणं, हातापायाला मुंग्या, थकवा. शेतात निम्मा दिवस झाला की बसावं लागतं. सगळे डॉक्टर झाले. शेवटी मोठ्या शहरातल्या एका क्लिनिकमध्ये लाइमची आयजीएम पॉझिटिव्ह आली. क्रॉनिक लाइम आहे, सहा महिने शिरेतून अँटिबायोटिक घ्यावं लागेल म्हणाले. ४२ हजार भरून झालेत, सलाइनच्या जागी हात सुजून लाल झालाय. आमच्या गोठ्यात गोचिडांना तोटा नाही. मी कधी महाराष्ट्राबाहेर गेलो नाही. ही टेस्ट खरी धरायची का?

गोठ्यातला_डॉक्टर | ११ नोव्हेंबर, सायंकाळी ६:४५

जनावरांचा डॉक्टर आहे, तेव्हा गोचिडांपुरतं बोलतो. मालक, गोचीड म्हणजे एक जात नव्हं. तुमच्या गाईच्या कानात, कासेला तुरीच्या डाळीएवढी फुगलेली दिसते ती ऱ्हिपिसेफॅलस नाहीतर हायलोमा. हायलोमानं वासरांना थायलेरिया होतो, गाठी येतात, ताप येतो, ते आपण रोज बघतो. लाइम पसरवणारी एक्सोडिस जातीची. तिला गारवा लागतो, ओल लागते, पालापाचोळा लागतो. हिमालयाच्या बाजूला ती आहे. आपल्या मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उन्हाळ्यात ढेकूळ तापून फुटतंय, तिथं ती कशी जगायची?

आपल्याकडच्या गोचिडीपासून माणसाला काहीच होत नाही असंही नाही. सिंधुदुर्गात माकडताप आला तो गोचिडीनंच, पण ती जात तिसरी. बाकी गोचीड काढायची तर चिमट्यानं, कातडीलगत धरून, सरळ वर. रॉकेल ओतायचं नाही, उदबत्तीचा चटका द्यायचा नाही. गडी लोक हटकून तेच करतात.

लॅबवाली | ११ नोव्हेंबर, रात्री १०:००

ज्वारीवाला दादा, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर आपण हजार माणसं उभी केली आणि सगळ्यांची लाइमची टेस्ट केली असं समजा. टेस्ट चांगली आहे, शंभरातल्या पाच निरोगी माणसांनाच चुकून पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे मैदानावर ५० जण चुकून पॉझिटिव्ह. आणि खऱ्या लाइमवाल्या किती? कनेटिकटहून आलेल्या जुळेसोलापूरकरांच्या आई तिथं उभ्या असल्या तर एक. बाकीच्या ५० जणांना तुमच्यासारखाच कागद हातात मिळणार.

तीच टेस्ट, तोच कागद. पण त्या आजींच्या हातात त्याला वजन आहे, तुमच्या हातात नाही. तुमची तर नुसती आयजीएम, तीही दोन वर्षांनी. दोन वर्षांचं खरं लाइम असतं तर एव्हाना आयजीजी उमटली असती. ब्लॉट केला असेल आणि त्यात ४१ ची पट्टी दिसली असेल तर तिनंही घाबरू नका. ती जंतूच्या शेपटीतल्या प्रथिनाची, आणि तसलं प्रथिन इतर जंतूंतही असतं, अगदी हिरड्यांतल्या साध्या जंतूंतसुद्धा. मोनोन्यूक्लिओसिस, सिफिलिस, लेप्टो यांनीही ही टेस्ट फसते.

ज्वारीवाला_मंगळवेढा | ११ नोव्हेंबर, रात्री १०:२२

म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे, असंच ना? घरचेपण हेच म्हणतात.

लॅबवाली | ११ नोव्हेंबर, रात्री १०:४०

अजिबात नाही. तुमच्या मुंग्या खऱ्या, थकवा खरा. फक्त त्यावर चिकटवलेलं नाव चुकीचं आहे. आणि त्या नावापायी खऱ्या कारणाचा शोध थांबलाय, माझं दुखणं ते आहे. माळकरी आहात का? बी-१२ कधी बघितलं होतं? थायरॉइड, तीन महिन्यांची साखर, ड जीवनसत्त्व, हिमोग्लोबिन? आमच्याकडे मुंग्यांची तक्रार घेऊन येणाऱ्या शाकाहारी माणसांत बी-१२ कमी असणं काही नवलाचं नाही.

रातपाळी | १२ नोव्हेंबर, पहाटे ३:३०

ज्वारीवाले, हात लाल आणि सुजलेला आहे म्हणता, तो आजच दाखवा, उद्यावर टाकू नका. सिव्हिलला या, तिथं कुणीही बघेल. महिनोन् महिने शिरेतून अँटिबायोटिक देऊन फायदा होत नाही हे अमेरिकेत चाचण्या घेऊन पाहिलंय. नळीतून जंतू रक्तात जाण्याचा धोका मात्र खरा. नीट उपचार घेतलेल्या लाइमच्या काही पेशंटना नंतर काही महिने थकवा-दुखणं राहतं. ती गोष्ट वेगळी, आणि त्यालाही लांबलचक अँटिबायोटिक हे उत्तर नाही.

विषय निघालाच आहे तर इथल्या सगळ्यांसाठी. आपल्या भागात गोचीड-पिसू चावून ताप आला तर लाइम नव्हे, रिकेटशिया (गोचीड-पिसूंतून येणारा तापाचा जंतू) आठवा. पोराला पाच दिवस ताप, तळहात-तळपायांवर पुरळ, किंवा काखेत-जांघेत सिगारेटच्या चटक्यासारखा काळा खपल्याचा डाग, असं दिसलं तर लगेच डॉक्टरांच्या लक्षात आणून द्या. डॉक्सीसायक्लीननं दोन दिवसांत ताप उतरतो. यातही वाईल-फेलिक्स (रिकेटशियाची जुनी रक्ताची टेस्ट) निगेटिव्ह आली म्हणून औषध थांबवायचं नसतं. ही टेस्ट १९१६ सालची आहे, पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा गप्प बसते.

जुळेसोलापूरकर | २६ नोव्हेंबर, रात्री ८:१५

उशिराबद्दल माफी.

डॉक्टरांनी फोटो बघितला, चष्मा पुसला, पुन्हा बघितला आणि स्वतःहून इंजेक्शन रद्द केलं. मला वाटलं होतं चिडतील. उलट फोटो स्वतःच्या मोबाइलवर मागून घेतला.

गुडघ्यातून ५० मिली पाणी निघालं, गढूळ, पिवळसर, उसाच्या रसावर पाणी घातल्यासारखं. पेशी १८ हजार. स्फटिक नाहीत, सीबीनॅट निगेटिव्ह, कल्चरमध्ये काही उगवलं नाही. रक्ताची फक्त एलायझा आयजीजी सांगितली. सोलापुरात घेतलं, पुण्याला गेलं, तिथून पुढं दुसरीकडे. पॅनेलवाल्या पोराला लॅबवाली ताईंचे प्रश्न विचारले तर "सर, सगळ्या जाती कव्हर होतात" म्हणाला. कुठल्या, विचारलं तर "सगळ्याच".

एलायझा मर्यादेच्या कितीतरी वर. ब्लॉटला ८ पट्ट्या. चार दिवस ई-मेल उघडत बसलो होतो आणि रिपोर्ट आल्यावर आई म्हणते, "म्हणजे चाकवतानं झालं?"

डॉक्सीसायक्लीन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, २८ दिवस. गोळी दुधाबरोबर नको हे पटवण्यात दोन दिवस गेले. आयुष्यभर गोळ्या दुधाबरोबर घेतल्या म्हणे. भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची, लगेच आडवं व्हायचं नाही, उन्हात जपायचं.

न्यूजर्सीकर | २७ नोव्हेंबर, पहाटे ५:००

चाकवताला बदनाम करू नका हो. इथं फारसा कुणी विचारत नाही त्याला, एक चाहती होती तीही जाईल.

ज्वारीवाला_मंगळवेढा | १९ डिसेंबर, रात्री ९:१०

बी-१२ निघालं १०४. इंजेक्शनं चालू आहेत. मुंग्या कमी झाल्या, थकवा निम्मा आहे अजून. हात बरा झाला. पैसे परत मिळणार नाहीत म्हणाले.

जुळेसोलापूरकर | २२ जानेवारी, रात्री १०:५०

शेवटचं सांगून टाकतो. सूज गेली. जायला औषध संपल्यावरही तीन आठवडे लागले, मधे मी घाबरलो होतो, डॉक्टर थांबा म्हणाले. यंदा नंदीध्वजांच्या मिरवणुकीत आई दोन तास उभी होती आणि परत येऊन मांडी घालून जेवली.

पण एक नवा घोळ. मामानं परस्पर, "बरी झाली का बघू" म्हणून पुन्हा टेस्ट करवली. पॉझिटिव्ह. घरात पुन्हा सुतक.

लॅबवाली | २२ जानेवारी, रात्री ११:१०

मामांना माझा साष्टांग नमस्कार सांगा. अँटिबॉडी म्हणजे जंतू नव्हे, त्या वर्षानुवर्षं रक्तात राहतात. बरं झालं की नाही ते गुडघा सांगतो. पुन्हा टेस्ट करू नका, कुणी फुकट दिली तरी. मात्र त्यांच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, 'लाइम, उपचार पूर्ण, टेस्ट पॉझिटिव्हच येणार'. नाहीतर पुढच्या वेळी कुठं दुखलं की कुणीतरी हाच रिपोर्ट काढून बसेल. आणि एकदा झालं म्हणजे पुन्हा होत नाही असंही नाही. परत कनेटिकटला गेल्या तर पायात मोजे, आणि रोज रात्री गुडघ्यामागं, काखेत, केसांत बघायचं. गोचीड लगेच सापडली तर फारसा धोका नसतो, जंतू अंगात उतरायला तिला बहुधा दीड-दोन दिवस चिकटून राहावं लागतं.

जुळेसोलापूरकर | २३ जानेवारी, सकाळी ७:३०

वाचून दाखवलं. आई म्हणते, "राहू दे की पॉझिटिव्ह. रेशनकार्डावरचं नाव तरी कुठं लवकर निघतंय."

मेमध्ये नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला परत निघालीय. मोज्यांचे सहा जोड आणलेत. चाकवत आता जावयानं खुडायचा, असं ठरलंय.

शेंगाचटणी | २३ जानेवारी, सकाळी ८:०५

चटणी न्यायची असेल तर नव्या पेठेत सांगून ठेवतो. दोन किलोच्या वर सुटकेसमध्ये तेल सुटतं, अनुभव आहे.